आधी अल बोली ऐक, बाकीचे नंतर
अरे, जुन्या ब्रिटिश डान्स बँडची गाणी ऐकायची म्हणतोस ना, मग एकदम शंभर डाउनलोड करू नकोस, गोंधळशील. सुरुवात बँडप्रमुख रे नोबल आणि त्याचा गायक अल बोली यांच्यापासून कर, १९३० ते ३४ मधलं लंडनचं रेकॉर्डिंग. पहिल्यांदा वाटेल की गायक गेला कुठे, कारण ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी जेमतेम तीन मिनिटांची, त्यात आधी बँड अख्खी चाल वाजवणार आणि मग मध्येच गायक एक कडवं गाऊन गायब, लेबलवर बऱ्याचदा त्याचं नावही नसायचं बिचाऱ्याचं! हे नाचायचं संगीत होतं ना, गायक म्हणजे आणखी एक वाद्यच. बोली मात्र माइकच्या जवळ जाऊन कानात बोलल्यासारखा गातो, १९४१ला लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यात गेला. मग दुसरा बँडप्रमुख लू स्टोन ऐक, मला तर तोच जास्त आवडतो. आणि खरखर फार साफ केलेल्या कॉप्या टाळ, ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा, जीवच जातो त्यात.