दुर्बिणीतला शनी एवढासाच का?

प्रश्न : सर, पौर्णिमेला आम्ही हौसेने शहराजवळच्या वेधशाळेत गेलो. रांगेत दोन तास उभे राहिलो. शनी मसुराच्या दाण्याएवढा दिसला, देवयानी दीर्घिका (अँड्रोमेडा गॅलेक्सी) तर दिसलीच नाही. ९ वर्षांची लेक हिरमुसली. म्हणाली, ‘पुस्तकातलं चित्रच छान होतं.’ तिला पुन्हा न्यावं का?
– एक वाचक

उत्तर : ताई, जरूर न्या, फक्त पौर्णिमा टाळा. बरीच वर्षं मी दुर्बिणीपाशी उभा राहून लोकांना आकाश दाखवतो आहे. पौर्णिमेला गर्दी सगळ्यात जास्त, आणि दिसतं सगळ्यात कमी. चांदण्यात दीर्घिका विरून जाते. खुद्द चंद्रही सपाट दिसतो, कारण ऊन समोरून पडतं आणि सावल्याच उरत नाहीत. शुक्ल सप्तमी-अष्टमीच्या संध्याकाळी जा. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांबलचक पसरलेल्या असतात. एखाद्या डोंगराचा माथा उन्हात, पायथा काळोखात. हे पाहताना मोठी माणसंही नेत्रिका, म्हणजे दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग, सोडत नाहीत.

देवयानीसाठी मात्र अमावास्येच्या आसपासची रात्र हवी, आणि शहराच्या दिव्यांपासून जितकं लांब जाता येईल तितकं बरं. तेव्हाही ती राखाडी धुक्यासारखीच दिसेल, हे लेकीला आधी सांगून ठेवा. कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवतो, डोळ्याला ते जमत नाही. अंधुक उजेडात त्याला रंगही कळत नाहीत. पण तो धूसर पट्टा म्हणजे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश आहे! थेट न बघता नजर किंचित बाजूला ठेवली, की तो जास्त उठून दिसतो. मोबाइल मात्र खिशातच राहू द्या. डोळे अंधाराला सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात, आणि स्क्रीनकडे एकदा पाहिलं की सगळं पहिल्यापासून.

राहिला शनी. १६१० मध्ये गॅलिलिओला तो तीन गोळ्यांसारखा दिसला होता. ते शनीभोवतीचं कडं आहे, हे डच खगोलशास्त्रज्ञ हायगेन्सने १६५९ मध्ये जाहीर केलं. तुमच्या लेकीने कडं पहिल्याच रात्री ओळखलं, हे तिला सांगा! हवा थरथरत असते, मध्येच क्षणभर स्थिरावते आणि कड्याची रेघ लख्ख होते. त्या क्षणाची वाट बघत डोळा नेत्रिकेला लावून ठेवावा लागतो, म्हणून शक्य असेल तर रांगेत सगळ्यात शेवटी उभ्या राहा. मागे कोणी नसलं, की आम्हीही घाई करत नाही.