काकूंना विचारा : टीव्हीवरची चूल आणि तुमची पत्रं

गेल्या अंकात मी तुम्हालाच उलटा प्रश्न टाकला होता. टीव्हीवरच्या स्वयंपाकाच्या स्पर्धांमध्ये तुम्हाला कोण आवडतं, कोण डोळ्यांसमोर नको वाटतं, आणि का? पोस्टमनदादांनी दोन वेळा गठ्ठा आणून दिला. सगळी पत्रं वाचली, काही दोनदा वाचली. मन थोडं जड झालं. माणसाबद्दल पानभर आणि त्यानं रांधलेल्या पदार्थाबद्दल एक ओळ, असंच बहुतेक पत्रांत होतं. ती हसते कशी, तो बोलतो कसा, तिनं साडी कुठली नेसली. आमटीत काय घातलं ते कुणीच लिहिलं नाही.

मी सांगलीत एकतीस वर्षं मुलांची मेस चालवली. दोन्ही वेळची मिळून रोज सव्वाशे ताटं. त्यामुळे असे कार्यक्रम लागले की माझी नजर आधी हातांवर जाते. तोंडाकडे नंतर बघते. आजची उत्तरंही तशीच येतील, हे आधीच सांगून ठेवते.

विट्याच्या एका ताईंचं पत्र : *काकू, काही स्पर्धक सारखे रडतात. जरा काही झालं की डोळ्यांत पाणी. मला ते सगळं खोटं वाटतं. अशांना पहिल्यांदा बाहेर काढायला हवं.*

ताई, रडण्यावरून बाहेर काढायचं म्हटलं तर माझी मेस पहिल्याच वर्षी बंद झाली असती. एका गुरुवारी तुरीच्या डाळीचं मोठं पातेलं खालून लागलं. वरून ढवळत होते, बुडाशी पळी पोचतच नव्हती. वास आला तेव्हा उशीर झाला होता. बाहेर मुलं ताट घेऊन बसलेली, घड्याळात पावणेएक. वरची डाळ न हलवता दुसऱ्या पातेल्यात काढली, तरी जळकट वास गेला नाही. शेवटी पिठलं टाकलं. पिठल्याला उकळी येईपर्यंत मी मोरीत तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं. समोर कॅमेरा नव्हता, एवढाच फरक.

आणि आपण बघतो ते सगळं कापून-जोडून आलेलं असतं. दहा-बारा जणांचा तासाभराचा स्वयंपाक आपल्याला पंधरा मिनिटांत दाखवतात. कुणाचं काय ठेवायचं, कुणाचं काय गाळायचं, ते स्पर्धकाच्या हातात नसतं.

२०१४ साली ब्रिटनमधल्या 'द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ' या स्पर्धेत काय झालं ते माझ्या सुनेनं मला दाखवलं. त्या दिवशी 'बेक्ड अलास्का' करायचा होता. म्हणजे केकवर आइस्क्रीम, त्यावर अंड्याच्या पांढऱ्याचा फेस, आणि वरून भट्टीची आच. एका स्पर्धकाचं आइस्क्रीम फ्रीजरबाहेर राहिलेलं दिसलं. ते वितळलं होतं. त्यानं रागानं सगळा पदार्थ कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि तो डबाच परीक्षकांपुढे नेला. तो बाहेर पडला आणि प्रेक्षक तुटून पडले ते आइस्क्रीम बाहेर काढणाऱ्या एका वयस्कर बाईंवर. बीबीसीकडे ८०० पेक्षा जास्त तक्रारी गेल्या. मग सूत्रसंचालिकेनंच लिहून कळवलं, की त्या वयस्कर बाईंनी ते ४० सेकंदांपुरतंच बाहेर ठेवलं होतं. तोवर त्या बाईंना जे बोल लागायचे ते लागले होते.

ताई, पुढच्या वेळी ती मुलगी रडायला लागली की तिच्या ओट्याकडे बघा. रडतारडताही तिनं गॅस बारीक केला का? केला असेल तर ती स्वयंपाकी आहे.

मिरजेच्या एका वाचक भगिनींचं पत्र : *आम्ही जैन. २०२३ च्या मास्टरशेफमध्ये एक जैन स्पर्धक होत्या, त्यांचा मला फार अभिमान वाटायचा. पण सगळ्यांना मासा आणि त्यांना पनीर दिलं, त्यावरून लोक त्यांना वाटेल ते बोलले. माझा मुलगाही म्हणाला, 'आई, हा पक्षपात आहे.' मला उत्तर सुचलं नाही.*

या पत्रावर मी चार दिवस विचार केला. तुमच्या मुलाचं अर्धं बरोबर आहे, आणि ते अर्धं मी तुमच्यापासून लपवणार नाही. मासा आणि पनीर ही सारखी परीक्षा नाही. मासा तव्यावर अर्धं मिनिट जास्त राहिला की कोरडा पडतो, उलटताना तुटतो, आणि मग कशानंच सावरत नाही. पनीर चिवट झालं तरी गरम पाण्यात टाकून थोडं मऊ करता येतं. ज्यांच्या वाट्याला मासा आला त्यांची वाट जास्त अवघड होती. ही तक्रार रास्त आहे.

पण ती करायची कुणाकडे? नियम त्या बाईंनी केला नव्हता. त्यांनी आपला धर्म पाळला आणि समोर आलं ते रांधलं. तक्रार नियम ठरवणाऱ्यांकडे न्यायची. २०१५ चं चौथं पर्व पूर्ण शाकाहारी होतं, तिथे सगळ्यांना एकच माप. तसं जमत नसेल तर शाकाहारी माणसाला माशाइतकाच नाजूक पदार्थ द्या. मी परीक्षक असते तर सुरळीच्या वड्या दिल्या असत्या. पीठ मिनिटभर कमी शिजलं तर वडी सुटत नाही, जास्त शिजलं तर ताटावर पसरायच्या आधीच आळतं. पसरायला हातात वेळ किती? ताट गरम आहे तेवढाच. मग बघा कोण टिकतं ते.

आणि मुलाला अजून एक सांगा. कांदा-लसूण-बटाट्याशिवाय रोज चवीचं रांधणं ही सवलत नाही. माझ्याकडे दरवर्षी आठ-दहा जैन मुलं असायची. त्यांचं रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या आत, तवा-पातेली वेगळी. सुरुवातीला मी नेहमीच्याच रश्श्यातून कांदा-लसूण तेवढं वगळायचे. मुलं न बोलता जेवायची आणि भात तसाच टाकायची. कांदा काढला की रश्श्याला अंगच राहत नाही, नुसतं तिखट पाणी होतं. मग त्यातल्याच एका मुलाची आई सुट्टीत आली, ओट्याशी उभी राहिली आणि तिनं मला दाखवलं. तीळ आणि सुकं खोबरं वेगवेगळं भाजायचं, तीळ तडतडले की लगेच उतरायचे. दाण्याचं कूट जाडसर ठेवायचं. हिंग तेलात पूर्ण फुलू द्यायचा, मग जिरं, मग भरपूर कढीपत्ता. बटाट्याच्या जागी कच्चं केळं. त्या रात्री पातेलं पुसून गेलं. पुढे कांदा-लसूण खाणारी मुलंही 'काकू, त्यांच्यातलं वाढा' म्हणायला लागली.

तुमचा अभिमान खरा आहे. सोडू नका.

तासगावहून एका आजोबांचं पत्र : *२०२५ च्या सेलिब्रिटी मास्टरशेफमध्ये उषा नाडकर्णींना तरुण पोरांबरोबर पळवलं. वयाचा मान ठेवायला नको?*

आजोबा, त्या स्वतः पदर खोचून उतरल्या होत्या. त्यांच्या ताटाला इतरांच्याच मापानं मोजलं, यातच मान आला. मास्टरशेफ इंडियाच्या सातव्या पर्वात पंच्याहत्तरी ओलांडलेल्या एक गुजराती आजी होत्या, त्यांनाही मी याच नजरेनं बघितलं. फक्त जड भांडं उचलायला एखादा मदतनीस द्यावा. तो माझ्याही मेसमध्ये होता.

पलूसच्या एका कॉलेजकुमाराचं पत्र : *सगळे स्पर्धक परदेशी नावं लावून थोडंथोडं वाढतात आणि तेच जिंकतात. आपला आख्खा मसूर कुणी केला तर पहिल्याच फेरीत घरी पाठवतील. खरं ना?*

बाळा, मलाही आधी असंच वाटायचं. मग २०२१ चं ऑस्ट्रेलियातलं मास्टरशेफ बघितलं. अंतिम फेरीत किश्वर चौधरी नावाच्या बांगलादेशी वंशाच्या बाईंनी पान्ता भात वाढला. पान्ता भात म्हणजे काय? रात्रीचा उरलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी मीठ, कांदा, मिरचीशी खायचा. आपण शिळ्या भातात ताक घालून शेतावर न्यायचो, त्याचाच भाऊ म्हण. त्यांनी त्या पाण्याला धुराचा वास दिला, बरोबर कुस्करलेला बटाटा आणि सार्डिन मासा. वाढताना त्यांनी सांगून टाकलं, की हे कुठल्या हॉटेलात मिळणार नाही. त्या तिसऱ्या आल्या. पण इकडे कोलकात्यापासून ढाक्यापर्यंत घराघरांत त्या भाताचीच चर्चा झाली. माझ्या सासूबाईंना ते दाखवायला हवं होतं, असं मला सारखं वाटत राहिलं. उरलेला भात पाहुण्यांना दिसू नये म्हणून त्या झाकून ठेवायच्या.

म्हणून तुझ्या आख्ख्या मसुराबद्दल सांगते. नाव साधं आहे म्हणून तो हरणार नाही, हरला तर शिजवण्यात हरेल. दाणा आख्खा दिसला पाहिजे आणि बोटानं दाबला की लोण्यासारखा गेला पाहिजे. ढाब्यावरही हे रोज साधत नाही. मसूर दोन-तीन तास भिजव. कुकरचा मोह टाळ, उघड्या पातेल्यात बेताच्या पाण्यात शिजव आणि पळी जपून फिरव. टोमॅटो दाणा शिजल्यावरच घाल. आंबट आधी पडलं की दाणा मऊ व्हायचं नाव घेत नाही. कांदा तेलात चांगला तांबूस कर. कांदा-लसूण चटणी घालताना गॅस बंद कर, नाहीतर चटणी करपते आणि कडवट तर्री वर येते. घरी सलग दहा वेळा कर. दहाही वेळा दाणा आख्खा राहिला तर मला कळव.

सांगलीच्याच एका निवृत्त शिक्षकांचं पत्र : *आपण चव घेतलेली नसते. मग परीक्षकांच्या निकालावर बोलायचा प्रेक्षकांना अधिकार आहे का?*

सर, आहे. पदार्थ माहीत असेल तर नक्की आहे. २०१८ मध्ये ब्रिटनच्या मास्टरशेफमध्ये मूळच्या मलेशियाच्या एका बाईंनी नासी लेमाक, म्हणजे नारळाच्या दुधातला भात, आणि त्याबरोबर कोंबडीचं रेन्डांग केलं. परीक्षक म्हणाले, कातडी कुरकुरीत नाही. रेन्डांग नारळाच्या दुधात आणि मसाल्यात तासन्‌तास मुरवतात. त्यातली कातडी कुरकुरीत कशी होईल? आपल्या तांबड्या रश्श्यातली कोंबडी कुरकुरीत का नाही, असं विचारण्यासारखंच ते. त्या बाई बाहेर पडल्या आणि मलेशिया, इंडोनेशिया, सिंगापूर, सगळीकडचे प्रेक्षक उठले. मलेशियाचे तेव्हाचे पंतप्रधान नजीब रझाक यांनीसुद्धा त्यावर लिहिलं. मला ते वाचून बरं वाटलं, कारण बोलणं पदार्थावर होतं.

हे मला इतकं लागतं त्याला कारण आहे. खूप वर्षांपूर्वी इथल्याच एका पाककृती स्पर्धेत मी हुलग्याचं माडगं नेलं होतं. हुलगे भाजून, दळून, ताकात कालवून, लसणाची फोडणी. परीक्षक बाईंनी वाटी तिरकी केली आणि म्हणाल्या, 'फार पातळ आहे, आणि सजावट कुठे आहे?' माडगं प्यायचंच असतं. आजारातून उठलेल्या माणसाला, दमून आलेल्या गड्याला ते वाटीनं पाजतात. बोलायला मी तोंड उघडलं तोवर त्या पुढच्या टेबलावर गेल्या होत्या. चमचा त्यांनी बुडवलाच नव्हता. त्या दिवशी बघणाऱ्यांतलं कुणीतरी म्हणायला हवं होतं, की बाई, आधी पिऊन तर बघा.

कवठेमहांकाळच्या एका मुलीचं पत्र : *काकू, मला ऑडिशनला जायचंय. घरून पदार्थ करून न्यावा लागतो असं ऐकलंय. नदीकाठच्या वांग्यांचं भरीत न्यावं का? घरचे म्हणतात, भरीत काय न्यायचं.*

ने गं. गार झालं तरी चव धरतं, आणि लांबच्या प्रवासाला हाच मोठा गुण. वांगं गॅसवर भाजू नकोस, निखाऱ्यावर भाज. साल पूर्ण काळं होऊन आपोआप सुटलं पाहिजे. सोलल्यावर चाळणीत दहा मिनिटं ठेव, पाणी गळू दे, म्हणजे डब्यात सुटणार नाही. मिरची आणि लसूण भाजून खरडून घाल. कच्चा कांदा आणि कोथिंबीर वेगळ्या डबीत ने, वाढायच्या वेळी मिसळ, आधी घातलास तर उग्र वास धरेल. दाण्याचं कूटही तिथेच. मऊ भाकरी प्रवासात चिवट होते, म्हणून ज्वारीची कडक भाकरी ने, पातळ थापलेली, फडक्यात बांधून.

निघायच्या आदल्या दिवशी सांगलीत उतर. मी गावभागात राहते, संपादकांकडून पत्ता घे. डबा घेऊन ये. तू केलेलं भरीत मला टीव्हीवर नाही, माझ्या ताटात बघायचंय.