पुरुषाच्या चित्राखाली 'भीती' कशी?

प्रश्न: मी मुलीकडे आयर्लंडमध्ये कॉर्कला आले आहे. नातवाच्या शाळेतल्या आयरिशच्या पुस्तकात एका पुरुषाच्या चित्राखाली एफ-ई-ए-आर अशी अक्षरं आहेत. इंग्रजीत याचा अर्थ भीती. ही छपाईतली चूक, की दोन शब्दांचा काही संबंध आहे? – एक आजी, मूळ गाव नाशिक

उत्तर: आजी, पुस्तक अगदी बरोबर आहे. आयरिशमध्ये या चार अक्षरांचा अर्थच 'पुरुष'. उच्चार 'फ्यार', भरभर बोलताना आपल्या 'फार'च्या जवळ जातो. मधल्या 'ई'चा वेगळा उच्चार नाही, शेजारचा 'फ' मृदू करणं एवढंच तिचं काम.

इंग्रजी शब्दाशी याचा काही संबंध नाही. तो जुन्या इंग्रजीतला, तिथे त्याचा अर्थ अचानक ओढवलेलं संकट. हिंदीत 'माँ आई' म्हणतात, त्यातल्या 'आई'चं आपल्या आईशी जेवढं नातं, तेवढंच इथे.

खरं नातं आहे ते आपल्याकडे, आणि ते सांगताना मला आजही फार आनंद होतो. आयरिश 'फ्यार', लॅटिन 'विर' आणि संस्कृत 'वीर' एकाच मुळातून आलेले. शब्दारंभीचा जुना 'व' आयरिशमध्ये नियमाने 'फ' झाला. बाईला तिथे 'ब्यान' म्हणतात. लिहितात बी-ई-ए-एन, म्हणजे इंग्रजी वाचणाऱ्याला घेवड्याची बी दिसणार! तिचं मूळ मात्र वेदांतल्या 'ग्ना' आणि 'जनि' या स्त्रीवाचक शब्दांशी जुळतं.

यांची अनेकवचनं तुम्हाला बाहेर जेवायला गेल्यावर लागतील. स्वच्छतागृहाच्या दारावरचं एफ-आय-आर म्हणजे 'फिर', पुरुष. एम-एन-ए म्हणजे 'म्ना', बायका. एफ म्हणजे फीमेल असं समजून नवखे पाहुणे नेमके उलट्या दारात शिरतात. मी गॉलवेत राहत होते तेव्हा आमच्या घरमालकीणबाई कॉनमाराच्या. त्या 'म्रा' म्हणायच्या. पश्चिमेला आणि उत्तरेला तसंच बोलतात. तुम्ही दक्षिणेला आहात, 'म्ना'च ऐकाल.

नातवाच्या वहीत एक मात्र बघा. 'ई'वर तिरकी रेघ दिली, तिला 'फादा' म्हणतात, की उच्चार 'फेअर' होतो आणि अर्थ गवत! त्याला बर्फाच्या माणसाचं चित्र काढायला सांगा, खाली 'फ्यार श्न्याख्ता' हे त्याचं नाव लिहू द्या, आणि पहिल्या शब्दावर रेघ पडली नाही ना, तेवढं तपासा.