लग्नाची थीम ठरवण्याआधी आजीला फोन करा

प्रश्न: आम्ही टोरांटोत राहतो. लेकीचं लग्न येत्या डिसेंबरात पुण्यात करायचं ठरलंय. जावई कॅनडातलेच आहेत, त्यांच्याकडची वीसेक माणसं येतील. डेकोरेटरने तीन पॅकेजं पाठवलीत: पेशवाई, राजवाडा आणि फिक्या रंगांचं एक. तिन्ही देखणी आहेत, पण लेक म्हणते, 'आई, यात आपण कुठे आहोत?' लग्न स्टायलिशही व्हावं आणि आपलंही वाटावं, तर सुरुवात कुठून करायची?

उत्तर:

ताई, तुमच्या लेकीने नेमकं बोट ठेवलं आहे. पुण्यातलं पेशवाई पॅकेज मी कितीतरी लग्नांत पाहिलं आहे. दारात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची प्रतिकृती, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, तुतारी, सगळ्यांना फेटे, स्टेजवर झरोके. फोटोत झकास दिसतं. पण आज तुमच्या दारात उभा असलेला दरवाजा उद्या दुसऱ्याच्या दारात तसाच उभा राहणार, फक्त नावांची पाटी बदलून. तुम्ही इतक्या लांबून येऊन लग्न इथे करताय ते तुमच्या माणसांसाठी, मग त्या माणसांची खूण तिथे दिसायला नको का? आणि हो, सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. कुणी थर्माकोलचे खांब दाखवले तर तिथेच नाही म्हणा.

थीम म्हटलं की आपण रंगांची जोडी ठरवायला बसतो. माझं म्हणणं वेगळं आहे. तुमच्या घरातली एकच खरी गोष्ट निवडा, आणि ती लग्नात चार-पाच ठिकाणीच दिसू द्या. रंग तिच्यामागून आपोआप येतात.

ती गोष्ट शोधायला मोबाइलवरचे फोटो चाळण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना फोन लावा. 'तुमच्या वेळचं लग्न कसं होतं?' असं मोघम विचारलंत तर 'साधंच होतं गं' एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. गौरीहरापाशी बसताना अंगावर कोणती साडी होती? मामाने आणलेली अष्टपुत्री साडी अजून आहे का? मांडव कुठे घातला होता, दारात झाड कोणतं होतं? पंगतीत काय वाढलं होतं? आजोबा काय काम करायचे? लेकीलाच विचारू द्या आणि फोनवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

आणि एक प्रश्न विसरू नका: आपलं देवक कोणतं? परदेशात वाढलेल्या मुलांना हे बहुधा माहीतच नसतं. बऱ्याच मराठी कुळांचं देवक ठरलेलं असतं. कुणाचं कळंब, कुणाचं पाचपालवी म्हणजे पाच झाडांच्या डहाळ्या, कुणाचं पक्ष्याचं पीस. लग्नाआधी ते बसवतात, त्याची पूजा होते, आणि नंतर वर्षानुवर्षं त्याची आठवणही निघत नाही. पिढ्यान्‌पिढ्या लग्नाच्या मांडवात येणारं तुमच्या कुळाचं चिन्ह घरातच असताना डेकोरेटरकडून चिन्ह विकत का घ्यायचं? समजा तुमचं देवक कळंब निघालं. कळंबाचं फूल चेंडूसारखं गोल, आणि त्यातून बारीक केसर चहूबाजूंनी बाहेर आलेले. कागदावर काढायला सोपं, भरतकामात देखणं. झाड फुलतं पावसाळ्यात, म्हणजे डिसेंबरात खरं फूल मिळायचं नाही. ते पत्रिकेवर, अंतरपाटावर, रांगोळीत येऊ द्या. फुलाचा केशरी-पिवळा आणि पानाचा हिरवा, झाले तुमचे रंग.

कुलदैवतातूनही असंच सुचतं. घरी जेजुरीचा खंडोबा असेल तर रंग ठरलेलाच आहे, भंडाऱ्याचा पिवळा. लग्नानंतर जोडीने जेजुरीला जायचं आणि घरी जागरण-गोंधळ घालायचा हे अनेक घरांत आजही चालतं. मात्र गोंधळाला रिसेप्शनमधला मनोरंजनाचा कार्यक्रम करू नका. संबळ-तुणतुणं ऐकायला पाहुण्यांना जरूर बोलवा, पण तो विधी म्हणूनच, देवासमोर, त्याचा वेळ घेऊन होऊ दे.

घरात देवक-कुलदैवत फारसं मानत नसाल तर कामधंद्याकडे बघा. आजोबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे? मग पत्रिका जुन्या छपाईच्या अक्षरांत, एकाच शाईत, जाड कागदावर करा. अप्पा बळवंत चौकाच्या आसपास पत्रिकांची दुकानं आहेत, तिथे बसून कागद हातात घेऊन निवडा. आजी शिक्षिका होती? मग टेबलांना आकड्यांऐवजी तिच्या आवडत्या कवितांची नावं द्या. वारली चित्रांची पत्रिका मात्र सरसकट कुणीही छापतं, त्याबद्दल थोडं बोलते. वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक काढतात, मध्ये पालघाट देवी असते. ती त्यांच्या लग्नाची पूजा आहे. तुमचं त्या भागाशी नातं असेल तर पालघर जिल्ह्यातल्या वारली चित्रकाराकडूनच चित्र काढून घ्या, त्यांना मानधन द्या, पत्रिकेवर त्यांचं नाव छापा. नातं नसेल तर तो विषय सोडा.

पुण्यात आल्यावर एक दिवस खरेदीतून मोकळा ठेवा आणि लेक-जावयाला बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात न्या. समया, लामणदिवे, कुंकवाचे करंडे, अंग घासायच्या वज्री, नाना तऱ्हेचे अडकित्ते. आपल्या माणसांनी रोज हाताळायच्या साध्या वस्तूंवर किती हौसेने नक्षी केली ते तिथे दिसतं. एक अडकित्ता वीस मिनिटं नीट पाहिला तर डेकोरेटरच्या दोनशे फोटोंतून मिळणार नाही अशी रेघ डोक्यात बसते. तिथून कसबा पेठेतली तांबट आळी लांब नाही. तांब्यावर हातोडीने ठोके देऊन मठारकाम केलेली भांडी तिथे कारागीर घडवतात. पाहुण्यांना द्यायला तांब्याचं फुलपात्र मला फार आवडतं. विमानात फुटत नाही आणि रोज वापरात राहतं.

आता ती एक गोष्ट दिसावी कुठे? माझी पहिली पसंती अंतरपाटाला. सगळ्या मांडवाचे डोळे ज्या कापडाकडे लागलेले असतात ते कापड आपण बहुतेक वेळा गुरुजींनी पिशवीतून काढलेलं वापरतो. दोन-अडीच मीटर पांढरं सुती कापड घ्या, मध्ये स्वस्तिकाला जागा सोडा, आणि कडेचं भरतकाम घरातल्या बायकांत वाटून द्या. एक कोपरा टोरांटोत तुम्ही भरा, मग कापड नागपूरच्या मावशीकडे जाऊ दे, तिथून सांगलीच्या आत्याकडे, शेवटचा कोपरा पुण्यात आजीचा. टाके सारखे येणार नाहीत. यावे म्हणून उसवून पुन्हा भरू नका, कुणाचा हात कुठे लागला ते तसंच दिसू दे. जावयांच्या आईंनाही त्यांच्या घरातलं एखादं फूल किंवा पान एका कडेला भरायला सांगा. त्यांना या लग्नात करण्यासारखं काम मिळेल, आणि ते हौसेने करतात असा माझा अनुभव आहे.

दुसरी जागा मंगलाष्टकांची. ती घरच्यांनी रचायची आपली जुनी पद्धत, अलीकडे ती तयार साच्यात नावं घालण्यावर आली आहे. मंगलाष्टकांचं शार्दूलविक्रीडित हे वृत्त जमवायला वाटतं तितकं अवघड नाही. चरणात एकोणीस अक्षरं, बाराव्यावर थांबा, गण, म्हणजे लघु-गुरू अक्षरांचा क्रम, म स ज स त त ग. तुमच्यासाठी एक चरण करून देते:

साता सागर लंघुनी परतली, आली घराशी मुले

याच चालीवर पुढचे चरण घरच्यांनी जुळवा. शेवटच्या चरणाची शेवटची सात अक्षरं 'कुर्यात् सदा मंगलम्' यात ठरलेलीच असतात, म्हणजे तिथे बाराच शोधायची. आजोबांचं गाव, देवकाचं झाड, टोरांटोचा बर्फ, दोघं भेटली ते कॉलेज, सगळं त्यात येऊ शकतं. विशेषणं कमी, घरातल्या खुणा जास्त. 'सद्गुणी', 'सुलक्षणी' असले शब्द कुणालाही बसतात. म्हणणाऱ्यांत एक तरी घरचा आवाज ठेवा, सूर थोडा हलला तरी चालेल.

तिसरी जागा रुखवत. तयार रुखवत भाड्याने मिळतं, ते टाळा. टेबल निम्मं ठेवा, पण वस्तू खऱ्या ठेवा: आजीचं पोळपाट, लेकीने पहिल्यांदा केलेलं विणकाम, जावयांच्या घरातली एखादी जुनी वस्तू. प्रत्येकीसमोर दोन ओळींची चिठ्ठी, मराठीत आणि इंग्रजीत.

साडीचं वेगळं सांगते, कारण तिथेच पैसे आणि वेळ दोन्ही जातात. आजीची पैठणी शाबूत असेल तर लेकीने तीच नेसावी आणि बाकीचे रंग तिच्यावरून ठरवावेत. नवी घ्यायची तर लक्ष्मी रस्त्यावर पाहा, पण मोर, मुनिया, कमळ, असावली यांतलं ठरावीक काही पदरावर हवं असेल तर येवल्याच्या विणकराकडे महिनोन्‌महिने आधी नोंदवावं लागतं. पदर उलटा करून बघायला लाजू नका. हातमागाच्या पैठणीची मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे सुटे धागे लोंबत असतील तर ती यंत्रमागावरची.

फुलं हंगामातली घ्या. डिसेंबरात शेवंती आणि झेंडू भरपूर, निशिगंधही मिळतो. मोगरा उन्हाळ्याचा, थंडीत त्याचा हट्ट धरलात तर पैसे जातील आणि वासही मनासारखा मिळणार नाही. परदेशी फुलांचे गुच्छ हवेच असतील तर तळेगाव-मावळच्या हरितगृहांतले गुलाब आणि जरबेरा जवळच आहेत. जेवणही हंगामाचं आणि घराचं असू द्या. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, अळूची भाजी हे पुण्याचं पान आहेच, पण तुमचं मूळ खान्देशात असेल तर डिसेंबर हा भरिताचा हंगाम आहे. आदल्या दिवशी पाहुण्यांना गावाकडे हुरडा खायला नेलंत तर कॅनडाची मंडळी ते आयुष्यभर सांगतील. बुफे असला तरी निदान एक पंगत बसवा, चटणी-कोशिंबीर डावीकडे, भाजी उजवीकडे, आणि दोन्ही घरच्यांनी मिळून वाढायचं.

थीमच्या नावाखाली विधींना मात्र कात्री लावू नका, आणि कॅमेऱ्यासाठी सप्तपदी पुन्हा करायला लावू नका. तिकडच्या पाहुण्यांना अर्थ कळावा म्हणून सात पावलांचं एक छोटं कार्ड छापा: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि शेवटचं सख्य. सातव्या पावलावर दोघं एकमेकांचे सखे होतात हे वाचून नवऱ्यामुलाच्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पाहिलं आहे. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत पौरोहित्याचं शिक्षण देतात, तिथून शिकलेल्या स्त्रियाही लग्नं लावतात आणि विधींचा अर्थ मराठीत सांगत पुढे जातात. दोन संस्कृतींच्या लग्नाला हे फार उपयोगी पडतं. इंग्रजीत सांगणारं कुणी हवं असेल तर ते आधीच बोलून ठरवा.

आता वेळेचं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होतात आणि पुढे पौषात बरीच घरं थांबतात, त्यामुळे मधल्या थोड्या दिवसांवर सगळ्यांची उडी पडते. कार्यालय आज ठरवा. करार करताना दोन गोष्टी विचारा: बाहेरचा डेकोरेटर आणि केटरर चालतो का, आणि उघड्यावर लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो हे धरून संगीताचा कार्यक्रम किती वाजता सुरू करता येईल. शनिवारवाड्यासारख्या जागी फोटो काढायचे तर परवानगी लागते, ते फोटोग्राफरकडून आधी वदवून घ्या. पहिली पत्रिका कसबा गणपतीपुढे ठेवायला कोण जाणार हेही आताच ठरू दे. तो मान घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला द्या.

फोनाफोनी या महिन्यात उरका, मग कापड टपालात टाका. मंगलाष्टकांचा कच्चा मसुदा गणपतीपर्यंत तयार ठेवा. तेव्हा पुण्यातली मंडळी एकत्र जमतात, तुम्ही व्हिडिओवर बसा आणि सगळ्यांकडून एकदा चालीत म्हणवून घ्या. कुठलं अक्षर अडतं ते तेव्हाच कळेल, आणि दुरुस्तीला तीन महिने हातात राहतील.