थाळी बाजूला ठेव, आधी कार्यक्रम बघ

बाय,

तुझा निरोप मिळाला. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये २९ पदके मिळवूनही भारत अठरावा आणि २५ पदकांचा इराण चौदावा, हे कसे, असे तू विचारतेस. त्याखाली हळूच दुसरा प्रश्न टाकला आहेस: थाळीफेक चालू ठेवू की सोडू? खरा प्रश्न तोच आहे हे मला कळते. पण पहिल्याचे उत्तर आधी घे.

इराणची सुवर्णे आठ, आपली सात. एवढेच. तक्ता आधी सोने मोजतो, सोने सारखे झाले तर रुपे, मग कांस्य. बेरजेला तिथे किंमत नाही. सतराव्या स्पेनची पदके ४०, पण सुवर्णे आपल्याइतकीच सात. त्यांची रौप्ये ११, आपली ९, तेवढ्यावर ते एक पायरी वर. नेदरलँड्सची पदके ५६, त्यात सुवर्णे २७, म्हणून चौथे. ब्राझीलची ८९, सुवर्णे २५, म्हणून पाचवे. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांसारखा बेरजेने तक्ता मांडलास तर नेदरलँड्स थेट नवव्या जागी जाते. आणि एफ ४१ या अपंगत्वाच्या वर्गातल्या भालाफेकीत पहिला आलेला इराणी खेळाडू बाद ठरला नसता, तर नवदीप सिंगचे रुपेच राहिले असते: आपली सहा, इराणची नऊ. असल्या आकड्यावर किती रडायचे ते तूच ठरव. (आणि कुणी २०२३ च्या बर्लिनमधली २०२ पदके या २९ च्या शेजारी ठेवली तर सांग, ती स्पेशल ऑलिम्पिक्सची, म्हणजे बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या स्पर्धेतली. तिथे देशांची क्रमवारीच लावत नाहीत. कर्णबधिरांचे डेफलिंपिक्स तर तिसरेच.)

आता कामाचे. क्रमवारी मैदानावर ठरते त्याच्या कितीतरी आधी कार्यक्रमपत्रिकेत अर्धी ठरलेली असते. पॅरिसमध्ये सुवर्णाच्या ५४९ स्पर्धा होत्या. त्यांतल्या १६४ ॲथलेटिक्सच्या, १४१ पोहण्याच्या. आपल्या २९ पैकी १७ पदके ॲथलेटिक्समधली, ५ बॅडमिंटन, ४ नेमबाजी, २ तिरंदाजी, १ ज्युदो. पोहण्यात शून्य. म्हणजे चौथा हिस्सा बाजार आपण उघडलेलाच नाही. इटलीच्या ७१ पदकांतली निम्म्याहून अधिक पाण्यातली आहेत. शिवाय एक जलतरणपटू फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय, मेडले असे चार-पाच दरवाजे ठोठावू शकतो. फेकणाऱ्याला एक, फार तर दोन. उलट व्हीलचेअर बास्केटबॉलचा बारा जणांचा संघ जिंकला तरी तक्त्यात पदक एकच.

म्हणून सांगतो, आधी कार्यक्रम बघ. देवेंद्र झाझरियाने २००४ मध्ये अथेन्सला एफ ४६ भालाफेकीत ६२.१५ मीटरचा जागतिक विक्रम करून सुवर्ण घेतले. पुढचे सुवर्ण कधी? २०१६, रिओ, ६३.९७ मीटर. मधल्या बारा वर्षांत हात थकला नव्हता. बीजिंग आणि लंडनच्या कार्यक्रमात त्याच्या वर्गाची भालाफेकच नव्हती. जगात पहिला असलेला माणूस दोन पॅरालिंपिक घरी बसला. २००८ मध्ये भारताच्या नावावर शून्य पदके आहेत. ते शून्य वाचताना ही गोष्ट आठवायची.

आता तुझी थाळी. डावा हात कोपराखाली नाही, म्हणजे फेकीत तुझा वर्ग बहुधा एफ ४६, धावण्यात आणि उड्यांत टी ४७. पॅरिसमध्ये महिलांची थाळीफेक एफ ११, ३८, ४१, ५३, ५५, ५७ आणि ६४ या वर्गांत झाली. ४६ शोध. नाही ना? गोळा आहे, भाला आहे. तुझ्या सरांनी थाळी दिली कारण तुझे खांदे रुंद आहेत. शरीर बघितले, पत्रिका बघितली नाही. त्यांना दोष देत नाही. ही चूक मीही केली आहे, मुलांना आवडेल ते फेकू दिले, आणि गेलेली वर्षे कुणाला परत देता येत नाहीत. तेव्हापासून मी हट्टी झालो. हौस मारतो, असे लोक म्हणतात. म्हणोत.

कधी कधी वर्ग एकत्रही करतात. पॅरिसला टी ६४ उंच उडीत २.०८ मीटरने जिंकलेला प्रवीण कुमार स्वतः टी ४४ वर्गाचा. तेव्हा फक्त आपला आकडा शोधून थांबू नकोस, शेजारच्या कोणत्या स्पर्धेत तुझा वर्ग सामावतो तेही वाच. लॉस एंजेलिस २०२८ ची पत्रिका घे, पॅरिसची शेजारी ठेव. मग पॅरिसच्या एफ ४६ भाला आणि गोळ्याच्या निकालातून पहिला, तिसरा आणि सहावा, एवढेच तीन आकडे वहीत लिही. तुझे अंतर त्यांच्याशी ताडायचे, राज्य स्पर्धेतल्या सुवर्णाशी नाही. तिथे वर्गात दोघीच असतात, कधी एकटीच. आणि भाला-गोळ्याचे वजन वर्गाप्रमाणे नियमपुस्तकात असते. शाळेच्या कपाटातला गोळा घेऊन मोजलेले अंतर मला सांगू नकोस.

वर्ग मात्र अजून पक्का नाही, आणि इथेच बहुतेकांचे घोडे अडते. तुझ्या यूडीआयडी या सरकारी अपंगत्व-कार्डावरची टक्केवारी तिथे कुणी बघत नाही. ४० टक्के ही आपल्या कायद्याची रेघ, खेळाची नव्हे. टी ४७ साठी हात मनगटातून किंवा त्याच्या वर नसावा लागतो. नुसती बोटे गेलेला मुलगा, टक्के कितीही असोत, बाहेर. (तुझा तो प्रश्न नाही.) आंतरराष्ट्रीय वर्गीकरणासाठी मेडिकल डायग्नोस्टिक फॉर्म स्पर्धेच्या सहा आठवडे आधी पोचवावा लागतो. त्यावर डॉक्टरांची सही, शिक्का, निदान इंग्रजीत, सोबत एक्स-रे. ‘लहानपणापासून हात नाही’ एवढ्यावर भागत नाही. त्यानंतर तुझ्या वर्गापुढे ‘कन्फर्म्ड’ लागते का ‘रिव्ह्यू’, ते नीट बघ. रिव्ह्यू म्हणजे पुन्हा तपासणी आणि वर्ग बदलण्याची टांगती तलवार. टोकियोत विनोद कुमारचे एफ ५२ थाळीफेकीतले कांस्य पदक फेरतपासणीतच गेले.

पोहण्याचे मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण तू नाक मुरडणार. गोव्याची मुलगी आणि पाण्याला भिते, हे मी मानत नाही. तिथे वर्ग वेगळा ठरतो: आधी बाकावर, मग पाण्यात, मग प्रत्यक्ष शर्यतीत. ब्रेस्टस्ट्रोकला निराळा क्रमांक, मेडलेला निराळा. पणजीत कांपालच्या पोहण्याच्या तलावावर महिनाभर जाऊन बघ. पावसात म्हापशाच्या पेडे मैदानावर भाल्याची धाव घसरतेच, तलाव तेवढा चालू असतो.

थाळी विकू नकोस, हाताला फिरकी राहते. येत्या रविवारी डिचोलीहून पहिल्या कदंब बसने बांबोळीच्या स्टेडियमवर ये. येताना गोमेकॉतला (गोवा मेडिकल कॉलेजातला) हाताचा एक्स-रे, कोरा फॉर्म, आणि ते तीन आकडे लिहिलेली वही आण. आकडे नसतील तर भाला हातात देणार नाही.