गॅस बंद केला ना?

प्रश्न : पणजीला कामाला निघताना फोंड्याच्या बसस्टँडवर पोचले, की गॅस चालू राहिल्याची धास्ती वाटते. तीनदा बघूनही परत फिरते. काय करू? – एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, पुन्हा पाहिल्याने शंका उलट बळावते, क्षणभराचा दिलासाच ही सवय पक्की करतो. रेग्युलेटर एकदाच, सावकाश बंद करा, ‘बंद केला’ असं मोठ्यानं म्हणा आणि निघा. बसमध्ये धास्ती ० ते १० मध्ये मोजा. ती चढेल, पण परत न फिरताही हळूहळू उतरेल. शेजारणीला फोन करणं किंवा मोबाइलवर फोटो काढून ठेवणं हेही तपासणंच. बहुतेकांचं इथंच फसतं. रोज तासाभराहून जास्त वेळ यात जात असेल, तर बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत जरूर दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक मोफत आहे, रात्रीही लागतो.