वाचकांचे प्रश्न : व्हायोलिन तेच, बैठक वेगळी

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची. दोन वर्षं पाश्चात्त्य पद्धतीनं, उभ्यानं व्हायोलिन शिकली. आता कर्नाटक शैली शिकायची म्हणते. नवं वाद्य लागेल का? आधीचं शिकलेलं वाया जाईल का?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नवं घेऊ नका. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांचे भाऊ बालुस्वामी (१७८६–१८५९) यांनी हेच युरोपी वाद्य कर्नाटक संगीतात रुजवलं. बदलली ती तारांची जुळणी आणि बैठक.

जी-डी-ए-ईऐवजी इथे सा-प-सा-प. मुलीसाठी पांढरी पाच (म्हणजे जी हा सा) धरा : जी, डी तशाच ठेवायच्या, ए उतरवून जी, ई उतरवून डी. पुरुष गवयांच्या साथीला तारा बऱ्याच खाली आणतात, पण लहान मापाच्या व्हायोलिनवर त्या ढिल्या पडून घरघरतात. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकल्या तर पेन्सिलीचं शिसं घासा. एप्रिलच्या कोरड्या हवेत घसरल्या तर किंचित खडू.

बैठक मांडीची. उजवा पाय थोडा पुढे, स्क्रोल (खुंट्यांपलीकडचं वळलेलं टोक) त्या पायाच्या घोट्याजवळ, मागची बाजू डाव्या छातीला टेकलेली. वाद्य असं दोन्हीकडून धरलं गेलं की डावा हात त्याचा भार सोडून वाद्याच्या मानेवर वरखाली सरकतो. गमक, म्हणजे स्वराचं झुलणं, त्याशिवाय निघतच नाही. बोटांना खोबरेल तेलाचा थेंब पुरे, गजाला मात्र तो लागू देऊ नका. वाद्य उतरतं असल्यानं गज बोटं ठेवायच्या पट्टीकडे घसरतो आणि आवाज पोकळ होतो. पहिले काही आठवडे आरसा समोर हवाच.

सुरुवात मायामाळवगौळ रागातल्या सरळी वरिसैनं, म्हणजे सरळ चढत्या-उतरत्या स्वरांच्या पाठांनी. स्वर आपल्या भैरव थाटाचेच. आधी हातानं आदितालाच्या आठ मात्रा देत गायचं, मग तेच वाजवायचं. मात्रेला एक, दोन, चार स्वर असे तीन काळ. पुढे जंट वरिसै (जोडस्वरांचे पाठ), सात तालांचे अलंकार, गीतम् (सोपी गाणी), मग वर्णम् (मोठी, अवघड रचना). पालकांना वर्णमची घाई असते. कच्च्या अलंकारांवर ते दुसऱ्या काळात कोलमडतं.

सुरेलपणा आणि गजावरचा ताबा कामी येईल. मोडावी लागेल ती प्रत्येक स्वर थरथरवण्याची सवय. इथे कुठला स्वर हलवायचा आणि किती, ते राग ठरवतो : कर्नाटक तोडी रागाचा गंधार रिषभ-मध्यमापर्यंत झुलतो, षड्ज-पंचम मात्र ठाम उभे. म्हणून शिक्षक निवडताना आधी गाऊन घेणारा बघा.